चार हात जमीन

गेल्या दिवाळीत नात पुण्याहून बेळगावला आली होती. निर्वाण लाडवाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी गणपत गल्लीत पणत्या आणायला गेलो. गर्दी म्हणजे विचारू नका. समोरून एक तरुण येत होता. उंच, सावळा, चेहऱ्यावर एक प्रकारची शांतता. नातीनं त्याच्याकडं सरळ बघितलं आणि तो चार पावलं मागं पडल्यावर मला म्हणाली, "आज्जी, काय देखणा होता गं!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "असं काय बघायलीस? मान खाली घालून चाल की."

ती रागावली नाही. हसली आणि म्हणाली, "बरं, मग कसं बघू ते सांग."

आता ही आली का पंचाईत! "बघू का" असं तिनं विचारलंच नव्हतं. "कसं" असं विचारलं होतं. पणत्या घेतल्या, रांगोळी घेतली, घरी आलो, तरी मला उत्तर सुचेना. सत्तरीच्या जवळ आले, दोन मुली वाढवल्या, पाठशाळेत वीस वर्षं मुलांना शिकवलं. पण रस्त्यात दिसलेल्या देखण्या परक्या माणसाकडं कसं बघावं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं. बघू नये एवढंच सांगितलं होतं. म्हणून मी शोधायला बसले. लढायांचे आणि गादीवर बसणाऱ्यांचे इतिहास पुष्कळ आहेत, बघण्याचा इतिहास कोणी वेगळा लिहून ठेवत नाही. माझ्याजवळ पुराणं आहेत, आमची गल्ली आहे आणि एक आत्या होती. तेवढ्यावर हे लिहिते आहे.

आधी त्या "मान खाली" चं बघू. ते वाक्य माझ्या आजीचं. आम्ही मुली घराबाहेर पडताना ती उंबऱ्यात उभी राहून म्हणायची, "चार हात जमीन बघून चालायचं." लहानपणी मला वाटायचं, हा आमच्या घरचा नियम. पुढं पाठशाळेत शिकले तेव्हा कळलं, ही तर ईर्यासमिती! मुनींनी दिवसाउजेडी, रुळलेल्या वाटेनं, पुढची चार हात जमीन न्याहाळत चालावं. कशासाठी? तर पायाखाली मुंगी येऊ नये, किडा चिरडू नये, हिरवं गवत तुडवलं जाऊ नये म्हणून. त्या नियमात पुरुष नाही, बाई नाही, लाज नाही. त्यात मुंगी आहे. आजीनं तो नियम घेतला, त्यातली मुंगी काढली आणि तिथं समोरच्या कट्ट्यावरची पोरं बसवली. गंमत म्हणजे माझे दोन्ही भाऊ घराबाहेर पडताना तिनं कधी चार हात जमीन काढली नाही. त्यांच्या पायाखाली मुंग्या येत नव्हत्या, असं तर नाही.

आजीला नावं ठेवायची म्हणून हे सांगत नाही. ती जे ऐकत आली तेच तिनं दिलं. पण शास्त्रात नजरेविषयी खरोखर काय सांगितलंय, ते एकदा बघायला हवं. दशलक्षण पर्वात आपल्याकडं उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय होतो. सातव्या दिवशी सातवा. त्यात ब्रह्मचर्य व्रत पक्कं राहावं म्हणून पाच भावना सांगितल्या आहेत आणि त्यांतली एक अशी, की स्त्रीच्या मनोहर अंगांकडं निरखून बघणं सोडावं. वर्षानुवर्षं आम्ही बायका डोक्यावर पदर घेऊन ते सूत्र ऐकत आलो आणि आपल्यालाच काहीतरी सांगितलंय अशा चेहऱ्यानं घरी गेलो. नीट ऐकलं तर ते सांगणं पुरुषाला आहे. ज्याचे डोळे, त्याचं व्रत. जिच्याकडं बघायचं तिनं काय करावं, याबद्दल त्या सूत्रात एक अक्षर नाही.

श्वेतांबरांच्या दशवैकालिकात हे आणखी बारकाईनं आलंय. साधूनं भिंतीवर रंगवलेल्या बाईकडंसुद्धा टक लावू नये. आणि नजर पडलीच तर सूर्याकडं गेलेली नजर आपण जशी आपसूक मागं घेतो, तशी मागं घ्यावी. मला हे फार आवडतं. नजर पडणार, हे तिथं गृहीत आहे. साधूचीसुद्धा पडणार. पहिल्या नजरेचा दोष धरलेला नाही. प्रश्न आहे तो पुढं काय करायचं याचा. सूर्यावर कोणी रागावत नाही, की बाबा तू का उगवलास.

हे झालं त्यागी लोकांचं. संसारी माणसं काय करत होती? त्यासाठी गाथासप्तशती बघावी. कॉलेजात असताना मी स. आ. जोगळेकरांचं ते जाडजूड पुस्तक वाचनालयातून आणलं होतं, प्राकृत शिकायला म्हणून, आणि वर वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह. आपल्याच गोदाकाठची माणसं. त्यात एक पाणपोई आहे. वाटसरू ओंजळीनं पाणी पितोय, पाणी घालणारी मुलगी वरून धार सोडतेय. तो वर तिच्याकडं बघतोय आणि बोटं सैल करून पाणी गळू देतोय, म्हणजे पिणं लवकर संपू नये. आणि ती? ती धार बारीक करते.

दोघंही एकमेकांना परके. बोलणं नाही, हात लागणं नाही. तिला नको असतं तर घागर उपडी करून मोकळी झाली असती. ते तिच्या हातात होतं. बोटं सैल करणं ही त्याची विनंती आणि धार बारीक करणं हा तिचा होकार. पाणी संपलं की वाटसरू आपल्या वाटेनं जाणार. नातीच्या "कसं" ला इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडं मिळालं नाही. पण पाणपोई झाली खेड्याच्या वाटेवरची. शहरात धार बारीक करायला सवड कुठली, आणि मागं रांग असते!

शहरातलं बघणं म्हटलं की संस्कृत कवींना खिडक्या आठवतात. कालिदासाच्या रघुवंशात सातव्या सर्गात अज राजा इंदुमतीसह मिरवत येतो, तेव्हा नगरातल्या बायका हातातलं टाकून गवाक्षाकडं धावतात. कोणाचे केस अर्धे बांधलेले, कोणाच्या पायाचा अळता ओला, कोणाचा एकाच डोळ्यात काजळ घालून झालेलं. पुढं असंच वर्णन इतक्या कवींनी केलं की ती रीतच होऊन बसली. मला त्यात एवढंच महत्त्वाचं वाटतं की हजार-दीड हजार वर्षांपूर्वी बायका परक्या देखण्या पुरुषाकडं बघत होत्या, आणि कवी त्यांना बघू देत होते. खिडकीतून का होईना.

आमच्या जिल्ह्यातल्या सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी संपादन केलेली उद्योतनसूरींची कुवलयमाला घ्या. जालोरला ७७९ साली लिहिली गेलेली. तिच्यात बाजारपेठेत जमलेल्या देशोदेशीच्या व्यापाऱ्यांचं वर्णन आहे: कोण दिसायला कसा, स्वभावानं कसा, बोलतो काय. आपली मराठी माणसं तिथं सावळी, दणकट, सोशिक, पण मानी आणि भांडखोर अशी आली आहेत. लिहिणारा कोण, तर एक जैन साधू! ज्यानं चार हात जमीन बघून चालायचं, त्यानं बाजारातला एकेक माणूस असा टिपलाय. त्यांना कोणी विचारलं नसेल, महाराज, तुम्ही कधी बघितलंत?

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं मागं गेले, ती सांगते. हरिवंशपुराण आपल्यातल्या पुष्कळजणींनी ऐकलेलं असतं, स्वतः वाचलेलं क्वचित. पुन्नाट संघाच्या जिनसेनांनी ते शके ७०५ मध्ये, म्हणजे ७८३ साली रचलं. (आदिपुराणाचे जिनसेन वेगळे. पाठशाळेतल्या परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो.) त्यात कृष्णाचे वडील वसुदेव तरुण असतानाची कथा आहे. शौर्यपूरचा राजा समुद्रविजय, म्हणजे नेमिनाथ भगवंतांचे पिता, हा दहा भावांतला थोरला आणि वसुदेव सगळ्यांत धाकटा. वसुदेव इतका देखणा, की तो नगरातून फिरायला निघाला की बायकांचं कामधाम सुटायचं. रोजचंच झालं. शेवटी नगरातले वडीलधारे राजाकडं गेले आणि म्हणाले, महाराज, यावर काहीतरी करा.

राजानं काय केलं? धाकट्याला जवळ बसवलं, मायेनं म्हणाला, उन्हातान्हात फिरून सुकलास रे, आता राजवाड्यातल्या बागेतच रमत जा. खरं कारण सांगितलं नाही. वसुदेवाला वाटलं, भावाची माया. मग एक दिवस शिवादेवी राणीसाठी उटी घेऊन जाणाऱ्या कुब्ज दासीची त्यानं थट्टा केली, तिच्या हातची उटी हिसकावली. ती चिडून बोलून गेली, की असली लक्षणं आहेत म्हणूनच तर कोंडून ठेवलंय तुला! तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. रात्री तो गुपचूप बाहेर पडला, स्मशानात एक प्रेत जाळून आपणच चितेत उडी घेतली असं भासवलं आणि निघून गेला तो शंभर वर्षं हिंडत राहिला. या गोष्टीवर त्याहूनही जुना एक प्राकृत ग्रंथ आहे, संघदासगणींचा वसुदेवहिंडी. त्यातली "हिंडी" म्हणजे आपलं मराठी हिंडणंच.

ही गोष्ट नेहमी हसत सांगितली जाते आणि आहेही हसण्यासारखी. मीसुद्धा पहिल्यांदा ऐकली तेव्हा हसले होते. चातुर्मासात आमच्या गल्लीतल्या बस्तीत दुपारी बायकांसाठी शास्त्रवाचन असायचं. मी अकरा-बारा वर्षांची, आत्याशेजारी बसलेली. पंडितजी रंगवून सांगत होते, बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आत्या हसली नाही. घरी येताना वाटेत म्हणाली, "त्येला बाग तरी होती की गं."

मला काही कळलं नाही. कळायला बरीच वर्षं गेली.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. १९४३ साली ती मराठी सहावीत होती. हुशार, तिचं अक्षर मी बघितलंय, छापल्यासारखं. शाळेच्या वाटेवर एका कोपऱ्यावर एक मुलगा सायकल टेकवून रोज उभा राहायचा. बोलायचा नाही, मागं यायचा नाही, नुसता बघायचा. आत्या देखणी होती हे जुन्या फोटोत अजून दिसतं. कोणीतरी आजोबांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर खुंटीला अडकवलेलं होतं ते तसंच राहिलं. आत्याला खरं कारण सांगितलं नाही. "आता मोठी झालीस, आईच्या हाताखाली शीक," एवढंच. मायेनंच सांगितलं म्हणे. तो मुलगा पुढं शिकला, वकील झाला, म्हातारपणी काठी टेकत फिरायला जाताना मी त्याला बघितलंय.

शौर्यपूरच्या बायकांना कोणी बोललं नाही. ज्याच्याकडं त्या बघत होत्या त्याला कोंडलं. आमच्या गल्लीतल्या मुलाला कोणी बोललं नाही. जिच्याकडं तो बघत होता तिला कोंडलं. म्हणजे चूक बघणाऱ्याची असो नसो, किंमत दिसणाऱ्यानं द्यायची, हा हिशेब फार जुना आहे. फरक पुढं पडतो. वसुदेव रात्रीत वाडा सोडून गेला आणि त्याच्या हिंडण्यावर ग्रंथ झाले. आत्या कुठं जाणार होती? पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती निपाणीला गेली आणि सात वर्षांनी परत आली ती पांढऱ्या लुगड्यात. त्यानंतर माडीवरची गजांची खिडकी ही तिची जागा.

आता आमच्या गल्लीची रचना सांगायला हवी. जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूला दगडी कट्टा. कट्टा पुरुषांचा. संध्याकाळी तिथं बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं उघड बघायचं, त्याला कोणी बघणं म्हणत नसे, "बसलोय" म्हणत. आत सोपा, सोप्यातून जिना, वर माडी आणि माडीला खिडकी. खिडकी बायकांची. तिच्यातून खालचं सगळं दिसतं आणि खालच्याला आतला अंधार दिसतो. म्हणजे बघत दोघंही होते. एकजण दिसत असताना बघत होता आणि एकजण दिसत नसताना. आमच्या लहानपणीच्या बेळगावातला नजरेचा सगळा व्यवहार या दोन जागांमध्ये बसवलेला होता.

त्या खिडकीत आत्या पंचवीसएक वर्षं बसली आणि बघण्यात तिच्याइतकी तरबेज बाई मी पुढं कुठंच बघितली नाही. कोण नवीन भाडेकरू, कोणाची चाल बदलली, सगळं तिला ठाऊक. देखण्या माणसांचं तिला भारी कौतुक, मग ती कॉलेजला जाणारी पोरगी असो की पोस्टमन. "देखणं माणूस दिसलं की दिवस बरा जातो," म्हणायची. आई पुटपुटायची, विधवेनं असं बोलू नये. आत्याचं कान देणं नाही. पण तिची एक शिस्त होती. एकदाच बघायचं, पण पुरतं बघायचं. आणि खालच्या माणसाला चाहूल लागून त्यानं वर बघितलं, की ती लगेच खिडकीतून बाजूला व्हायची. मी विचारलं, "का गं? तो काय खाणार आहे?" तर म्हणाली, "त्येला सुखानं रस्त्यानं जाऊ दे की." स्वतःला कोणी रस्त्यानं सुखानं जाऊ दिलं नव्हतं, त्या बाईचा हा विचार.

आमची पिढी कट्टा आणि खिडकी यांच्यामधून बाहेर पडली ती सायकलवर. १९७३ साली मी कॉलेजला जाऊ लागले. बेळगावला तसं परक्या माणसांचं वावडं कधी नव्हतं. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, पुढं कॅम्प वसला, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आलं. मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारी माणसं एकाच बाजारात. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून, केस बारीक कापलेले जवान खडे बाजारात फिरायचे आणि आम्ही पाच-सहा मैत्रिणी काचेच्या बांगड्या बघायच्या निमित्तानं दुकानासमोर थांबायचो. बांगड्या कपाटाच्या आत, रस्ता काचेवर. मागून जाणारा माणूस त्या काचेत दिसायचा. म्हणजे पाठ करून बघायचं!

आणि आमची एक सांकेतिक भाषा होती, ती जैन मुलींनाच कळावी अशी. पाठशाळेत नामकर्माच्या प्रकृती पाठ केलेल्या. शरीराची सहा संस्थानं: ज्याचं अंग सगळीकडून प्रमाणात ते समचतुरस्र, वरचा भाग वडासारखा भरलेला आणि खालचा बारीक ते न्यग्रोधपरिमंडल, असं करत शेवटचं बेढब ते हुंडक. कोणी देखणा दिसला की एकजण हळूच म्हणायची, "समचतुरस्र." तालीमबाज दिसला की "न्यग्रोध." बाकीच्या खुसुखुसू हसायच्या. शेजारी उभ्या असलेल्या दुकानदाराला वाटायचं, काय धर्मनिष्ठ मुली आहेत! "हुंडक" हाही शब्द आम्ही वापरायचो, त्याची मला आज लाज वाटते. शिकवताना गुरुजींनी सांगितलं होतं की रूप हे नामकर्माचं फळ, त्यात माणसाचं श्रेय नाही आणि दोषही नाही. आम्ही शब्द तेवढे उचलले.

मुलांना तेव्हा एकच धडा दिला जायचा: परक्या मुलीकडं आई-बहिणीसारखं बघावं. ऐकायला चांगलं वाटतं. पण नात्यात बसवल्याशिवाय बाईकडं धड बघताच येत नाही, असा त्याचा अर्थ होतो. गाथेतली पाणी घालणारी मुलगी त्या वाटसरूची कोणी लागत नव्हती, तरी सगळं रीतसर झालं.

घरातल्या बायकांचा स्वतःचा एक कायदा होता, दृष्टीचा. सुंदर वस्तूकडं फार वेळ बघितलं की तिला दृष्ट लागते. म्हणून बाळाला काजळाची तीट, नवरीच्या गालाला बोट. महाराज प्रवचनात सांगायचे, हे मिथ्यात्व आहे. आजी मान डोलवायची आणि संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळायची. मिथ्यात्व असेल, पण त्यात बघणाऱ्यावर जबाबदारी होती. तुझ्या डोळ्यानं दुसऱ्याला इजा होऊ शकते, तेव्हा आवर. सरकारच्या कायद्याला इथपर्यंत यायला वेळ लागला. १८६० च्या दंडसंहितेत कलम ५०९ होतं, बाईच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांचं आणि हावभावांचं. पाठलाग करणं आणि बाईला खासगीत चोरून बघणं हे वेगळे गुन्हे झाले ते २०१३ मध्ये. २०२४ पासून न्याय संहिता आली, आकडे बदलले. आत्याच्या वाटेवरचा तो मुलगा यातल्या कुठल्या कलमात बसला असता असं मला वाटत नाही, आणि बसायलाही नको होता. सोळा-सतरा वर्षांचं पोर ते. त्याला बाजूला घेऊन कोणी चार शब्द सांगायला हवे होते, एवढंच. ते काम सगळ्यांत सोपं होतं आणि तेच कोणी केलं नाही.

असे चार शब्द सांगणारी एकजण आपल्या परंपरेत आहे, आणि तीही नेमिनाथांच्याच घरातली. राजुल आपल्याला ठाऊक आहे ती वरात परत फिरल्यावर रडणारी. तिच्यावर गाणी आहेत, झोपाळ्यावर म्हणायची. उत्तराध्ययनाच्या बाविसाव्या अध्ययनातली राजीमती निराळी आहे. दीक्षा घेतल्यावर ती रैवतक पर्वतावर चालली असताना पावसात भिजते, गुहेत शिरते, वस्त्रं वाळत घालते. आत अंधारात आधीपासून नेमिनाथांचा भाऊ रथनेमी ध्यान करत असतो. तो तिला बघतो आणि ढळतो. बोलायचं ते बोलतो. ती आधी घाबरते, हातांनी अंग झाकून बसते. मग सावरते आणि त्याला असं काही सुनावते की तो अंकुश लागलेल्या हत्तीसारखा ताळ्यावर येतो. पाऊस का आणलास, गुहेत का आलीस, भिजलीस कशाला, असलं काही त्या अध्ययनात तिला कोणी विचारत नाही. हे ग्रंथ श्वेतांबरांचे, आपल्याकडं वाचले जात नाहीत. मी म्हणते, वाचावेत.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी नातीला घेऊन किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेले. कार्तवीर्य चौथा या रट्ट राजाचा मंत्री बीचिराज, त्यानं १२०४ साली बांधलेली. मूर्ती नेमिनाथांची, काळ्या दगडातली. सभामंडपाच्या छतात दगडी कमळ उतरलंय, त्याच्या बहात्तर पाकळ्यांवर भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतले तीर्थंकर. लहानपणी मला ही बस्ती फार प्रिय होती, कारण मुलींनी मान वर करून हवं तितका वेळ बघत राहावं अशी बेळगावातली ती एकच जागा होती. आजीसुद्धा काही म्हणायची नाही.

तिथं पायरीवर बसून मी नातीला आत्याची गोष्ट सांगितली. घरात ती अशी सरळ कोणी कोणाला सांगितलेली नाही. मग वसुदेवाची सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आणि तुझ्या आत्याआज्जीचा फोटो आहे?" आहे म्हटलं, घरी गेल्यावर दाखवते. एकदाच बघायचं पण पुरतं बघायचं, हेही सांगितलं. त्यानं वर बघितलं की बाजूला व्हायचं, हेही. "हे जमेल," म्हणाली.

निघायच्या आधी पुन्हा एकदा कमळ बघावं म्हणून आत वळलो, तर छताखाली एक मुलगा मान वर करून उभा होता. पाकळ्या मोजत असावा, ओठ हलत होते. आमची चाहूल लागताच तो दोन पावलं बाजूला सरला आणि आम्हाला मधली जागा करून दिली. नातीनं माझ्या कानाशी येऊन, मी सकाळीच शिकवलेला शब्द अगदी शुद्ध उच्चारला, "समचतुरस्र."

मी बघितलं. एकदाच. मग नजर खाली घेतली, कारण बाहेरची पायरी उंच आहे आणि माझा गुडघा दुखतो.